प्राणिप्लवकांचा आकडा छापताना जाळ्याचा आसही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की अरबी समुद्राच्या बातम्या वाढतात. त्यांत अधूनमधून प्राणिप्लवकांचीही एखादी असते: घनमीटरला अमुक होते, आता तमुकच उरले, किंवा मान्सूनमध्ये दुपटीने वाढले. प्राणिप्लवक म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारे बारीक जीव. कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक जीव), बाणकृमी, खेकडे-कोळंबीची पिल्ले, माशांची अंडी, जेलीफिश हे सगळे त्यात आले. वनस्पतिप्लवक खाऊन त्यांतले बहुतेक वाढतात आणि तारली-बांगड्याच्या पोटात जातात. विषय मोठा आहे, बातमी यायलाच हवी. पण जाळ्याचा आस (भोकाची रुंदी) किती, किती खोलीवरून ओढले, केव्हा ओढले, पाणी किती गाळले आणि वजन कोणत्या रीतीने काढले, हे सोबत नसेल तर त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. असे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना तर मुळीच करू नये.

सोलापूरला समुद्र नाही, तरी हे पत्र इथून लिहिण्याला कारणे आहेत. आपल्या बाजारात जी सुकट मिळते ती वाळवलेल्या जवळ्याची, आणि जवळा हा स्वतःच प्लवकांत मोडणारा कोळंबीवर्गातला जीव. भीमेचे पाणी कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराला जाते. शिवाय या भागातल्या महाविद्यालयांत उजनी, हिप्परगा, सिद्धेश्वर तलाव यांवर प्राणिप्लवकांचे प्रकल्प होतात, आणि कोकण-गोव्याच्या सहलीत तेच जाळे खाडीत टाकले जाते. मोजणीत जे बिघडते ते समुद्रात आणि तलावात बहुतेक सारखेच.

जाळ्यापासून सुरुवात करू. १९६०-६५ च्या सुमारास झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत सगळ्या जहाजांचे नमुने एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून एक प्रमाण जाळे ठरले. तोंड १ चौरस मीटर, म्हणजे व्यास ११३ सेंटिमीटर. आस ३३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २०० मीटरवरून सरळ वर ओढायचे. नमुन्यांची वर्गवारी कोचीच्या हिंदी महासागर जीवशास्त्रीय केंद्रात झाली. हे केंद्र पुढे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा भाग बनले. नंतर २०० मायक्रॉनची जाळी रूढ झाली. त्यात पाव चौरस मीटर तोंडाचे डब्ल्यूपी-२ आले आणि ठरवलेल्या खोलीवर एकामागून एक उघडमीट होणारे मल्टीनेटही आले.

आता ऑइथोना, ऑन्सिया यांसारखे सडपातळ कोपेपॉड आणि मोठ्या जातींची पिल्ले ३३० मायक्रॉनमधून निसटतात. २०० मध्ये त्यांतली बरीच अडकतात. साठच्या दशकातला आकडा आणि आजचा आकडा यांची नुसती वजाबाकी केली तर समुद्रात भर पडल्यासारखी दिसते, आणि प्रत्यक्षात बदललेले असते ते कापड. निसटणारे जीव लहान असल्याने संख्या जितकी बदलते तितके वजन बदलत नाही, हेही लक्षात ठेवावे. जुन्या-नव्याची तुलना करायचीच असेल तर वजनाची करावी, आणि दोन्हीकडचा आस लिहून करावी.

रीड (इंचातले उभे धागे) किती, पीक (आडवे धागे) किती यावरून कापडाची जात सांगणाऱ्या गावाला हे समजावून सांगायला नको. प्लवकांच्या जाळ्यात तारेपेक्षा तारांमधली मोकळी जागा महत्त्वाची, एवढाच फरक. ‘पंचवीस नंबरचे बोल्टिंग सिल्क’ (चाळणीचे रेशमी कापड) म्हणून जे ओळखले जाते त्याचा आस ६४ मायक्रॉन, इंचात २०० भोके. वीस नंबरचा ७६ मायक्रॉन. रेशीम वापराने आणि धुण्याने आकसते, म्हणून जुन्या जाळ्याचा आस पावतीवर लिहिलेला राहत नाही. नायलॉनचे एकतारी कापड बरे. तरीही दरवर्षी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली ऑक्युलर मायक्रोमीटरने निरनिराळ्या जागची वीसएक भोके मोजून सरासरी काढावी. तार सरकून भोक रुंद झालेले किंवा शिवणीजवळ कापड फाकलेले तेव्हाच नजरेस येते.

जाळे शिवून घेणाऱ्यांसाठी थोडे गणित. आस २०० मायक्रॉन आणि तार १०० मायक्रॉन जाडीची असेल तर कापडाची मोकळी जागा ४४ टक्के येते. २०० ला ३०० ने भागून वर्ग केला की झाले. सगळ्या भोकांचे मिळून क्षेत्रफळ तोंडाच्या निदान सहापट असावे, नाहीतर पाणी आत शिरण्याऐवजी तोंडावरून बाजूला सरकते. तोंड पाव चौरस मीटर म्हणजे भोके दीड चौरस मीटर, म्हणजे कापड सुमारे ३.४ चौरस मीटर. ५७ सेंटिमीटर व्यासाचा नुसता शंकू शिवला तर त्याची तिरकी लांबी पावणेचार मीटरच्या पुढे जाते. वरचा भाग नळकांड्यासारखा ठेवून खाली शंकू जोडला की अडीच-पावणेतीन मीटरमध्ये भागते. विद्यार्थ्यांची मीटरभर लांबीची आखूड जाळी तळ्यात कशीबशी चालून जातात, पण पावसाळ्यातल्या खाडीत दोन मिनिटांत तुंबतात.

तुंबणे हा या विषयातला सगळ्यात कमी लिहिला जाणारा आणि सगळ्यात जास्त घोळ घालणारा भाग आहे. मान्सूनमध्ये किनाऱ्याजवळ नद्यांचा गाळ असतो आणि वर आलेल्या पोषक पाण्यावर डायटम (एकपेशीय वनस्पतिप्लवक) माजलेले असतात. फेब्रुवारी ते मे ट्रायकोडेस्मियम या निळ्या-हिरव्या शेवाळाचा पिवळट-तपकिरी भुसा तरंगतो. हिवाळ्याच्या शेवटी उत्तर अरबी समुद्रात हिरव्या नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचे तवंग येतात. सॅल्प या पारदर्शक, जेलीसारख्या जीवांचा थवा आला तर जाळ्याच्या आतून सगळीकडे बुळबुळीत थर बसतो. मग जाळे नुसती बादली बनते आणि पाणी पुढे ढकलत वर येते.

म्हणून जाळ्यात किती पाणी शिरले ते पात्याच्या फेऱ्यांवरून दाखवणारा प्रवाहमापी हवाच. तो तोंडाच्या बरोबर मध्ये बांधू नये, कारण तिथे दोऱ्यांच्या गाठीमागे पाणी ढवळलेले असते. कडा आणि मध्य यांच्या साधारण अर्ध्यावर बांधावा. जाळे खाली जाताना उलटा फिरू नये यासाठी त्याला अटकाव असतो, तो चालतो की नाही हे फुंकर मारून पाहावे. वर्षातून एकदा जाळ्याविना नुसत्या कड्यावर बांधून ठरावीक अंतर ओढावा आणि फेरे तपासावेत. हिशेब सोपा आहे. फेरे गुणिले एका फेऱ्याचे अंतर गुणिले तोंडाचे क्षेत्रफळ. एका फेऱ्याला ३० सेंटिमीटर धरले तर ५० मीटरच्या ओढीत १६७ फेरे पडायला हवेत. ११० पडले, तर जाळ्यातून ३३ मीटरच्या स्तंभाइतकेच पाणी गेले. डब्ल्यूपी-२ साठी (५७ सेंटिमीटर व्यासाने तोंड ०.२५५ चौरस मीटर) म्हणजे ८.४ घनमीटर. दोराची लांबी धरून १२.८ घनमीटर मानणाऱ्याचा आकडा एक तृतीयांशाने कमी येतो, आणि तो ‘मान्सूनमधली घट’ म्हणून छापला जातो.

प्रवाहमापी असला म्हणजे सगळे भागले असेही समजू नये. उभ्या ओढीत जाळे तळाकडून वर येते, म्हणजे पृष्ठभागाजवळचे पाणी सर्वांत शेवटी. जाळे तुंबलेले असते ते नेमके तेव्हाच, आणि बहुतेक जीव असतात तेही वरच्याच थरात. फेऱ्यांनी पाण्याचे माप दुरुस्त होते, पण गाळलेल्या पाण्यात खालच्या विरळ थराचा वाटा वाढलेला राहतो, तो काही केल्या दुरुस्त होत नाही. फेरे अपेक्षेच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी आले तर ओढ रद्द धरावी, जाळे धुवावे आणि कमी खोलीवरून दोन तुकड्यांत पुन्हा ओढावे, असे आमचे मत आहे. जहाजावरचा वेळ महाग असतो म्हणून हे टाळले जाते. ते समजते, पण निदान तशी नोंद तरी ठेवावी.

धुताना पाणी जाळ्याच्या बाहेरून मारायचे. तोंडातून आत पाइप सोडला तर त्या पाण्यातले जीव न मोजता नमुन्यात भरतात. धुण्याला समुद्राचेच पाणी हवे. गोड्या पाण्याने नाजूक जीव फुगून फुटतात. शेवटच्या भांड्यावर पावसाचे थेंब पडू न देणे हीदेखील मान्सूनमधली कामाची गोष्ट आहे.

मान्सूनमध्ये जहाज वाऱ्याने सरकते आणि दोर तिरपा जातो. २०० मीटर दोर सोडला आणि कोन ३० अंश झाला तर जाळे १७३ मीटरवर असते. ४५ अंशांत १४१ वर. कोन मोजायला साधे कोनमापक आणि ओळंबा पुरतो. वजन वाढवून कोन कमी करता येतो. लाटांवर जहाज उचलले गेले की जाळ्याला हिसका बसतो, प्रवाहमापी जास्त फिरतो आणि आत आलेले जीव मागे बाहेर सांडतात. ओढीचा वेग सेकंदाला पाऊण ते एक मीटर असावा. हळू ओढले तर चपळ जीव वाट सोडून जातात, फार वेगाने ओढले तर मऊ जीव कापडातून पिळून निघतात. जवळा आणि क्रिल (कोळंबीसारखे प्लवक) दिवसा अशा जाळ्याला सहसा सापडत नाहीत. ते मोजायचे तर मोठे जाळे हवे आणि रात्र हवी. डब्ल्यूपी-२ च्या आकड्यावरून जवळा संपला असे लिहिणे बरोबर नाही.

दिवस-रात्रीचा फरक अरबी समुद्रात जास्तच भरतो. तिथे साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. बरेच जीव त्यामुळे वरच्या थरातच दाटीने राहतात, पण प्लुरोमामासारखे कोपेपॉड आणि काही लहान मासे दिवसा त्या पट्ट्यात उतरतात आणि रात्री चरायला वर येतात. दुपारची ओढ आणि मध्यरात्रीची ओढ एकाच ठिकाणी घेतली तरी वेगळे उत्तर येते. इथे एक साधा घोळ वारंवार होतो. जहाजाच्या नोंदवहीत वेळ ग्रिनिचची असते. तिथले १३ वाजले म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. ती ओढ दुपारची म्हणून तक्त्यात चढवली की पुढचा सगळा निष्कर्ष वाकडा.

खोलीबद्दलही असेच. समजा एका चौरस मीटरखाली एकूण ६,००० जीव आहेत आणि सगळे वरच्या ३० मीटरमध्ये आहेत. ३० मीटरची ओढ घेतली तर घनमीटरला २००. तेच २०० मीटरवरून ओढले तर ३०. जीव तेवढेच आणि जागाही तीच. मान्सूनच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यालगत प्राणवायू कमी असलेले थंड पाणी उथळ भागात चढते आणि जीव वरच्या काही मीटरमध्ये गोळा होतात. तेव्हा पृष्ठभागाची आडवी ओढ ‘प्रचंड वाढ’ दाखवते. म्हणून घनमीटरच्या आकड्यासोबत चौरस मीटरचा आकडा मागावा.

आता बाटली. नमुन्यात फॉर्माल्डिहाइड ४ टक्के व्हायला हवे. बाजारातले फॉर्मॅलिन ३७ ते ४० टक्क्यांचे असते, म्हणजे नऊ भाग नमुन्याला एक भाग फॉर्मॅलिन. ‘चार टक्के फॉर्मॅलिन’ असे वाचून शंभराला चार मिलिलिटर घालणारे पुष्कळ आहेत. त्यांचे नमुने महिन्याभरात वास मारू लागतात. फॉर्मॅलिन आधी टाकणखार घालून उदासीन करून घ्यावे. तसे केले नाही तर त्यात आम्ल तयार होते आणि शंखधारी टेरोपॉड, फोरॅमिनिफेरा, शिंपल्यांची पिल्ले यांची कवचे विरघळतात. नंतर कोणीतरी ‘मान्सूनमध्ये टेरोपॉड आढळले नाहीत’ असे लिहितो. बाटलीचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग जीवांनी भरू नये. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाकावी. बाहेरची शाई फॉर्मॅलिनच्या एका थेंबाने पुसली जाते. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेले फॉर्मॅलिन वापरू नये, त्याची ताकद गेलेली असते. हातमोजे आणि उघडी खिडकी यांबद्दल वाद घालू नये, हे द्रव्य कर्करोगकारक आहे. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मॅलिन निरुपयोगी, ९५ टक्के अल्कोहोल लागते. त्यामुळे नमुन्याचे दोन भाग समुद्रावरच करावेत.

वजनाचा अंदाज काढण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे नमुना मोजपात्रात २४ तास निवळू द्यायचा आणि साक्याची उंची वाचायची. ती आता सोडून द्यावी. काटेरी जीव एकमेकांत अडकून पोकळ ढीग करतात. विस्थापन घनफळ, म्हणजे जीवांनी द्रवात व्यापलेली जागा, त्यापेक्षा बरे. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठे जेलीफिश चिमट्याने वेगळे काढून त्यांची नोंद स्वतंत्र करायची. नमुना द्रवासह नेमका ५० मिलिलिटर करायचा. मग जाळ्याइतक्याच किंवा त्याहून बारीक आसाच्या कापडातून गाळायचा, कापडाच्या पाठीला टिपकागद लावून थेंब थांबेपर्यंत ठेवायचे आणि खाली आलेला द्रव मोजायचा. टिपकागदाने ओढलेला द्रवही हिशेबात धरावा लागतो. कागद आधी आणि नंतर तोलला की तो कळतो. ५० मधून एकूण ४६.४ निघाला तर जीवांचे घनफळ ३.६ मिलिलिटर. इथे शंभराचे जाड मोजपात्र वापरून एक मिलिलिटर इकडेतिकडे झाले तर चूक २८ टक्क्यांची होते, म्हणून ब्युरेट वापरावी. कापड पिळू नये. पिळले की कोपेपॉडमधले तेल आणि पाणी दोन्ही जाते. घनफळ १ मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर ही रीतच नको. सरळ ६० अंश सेल्सिअसला २४ ते ४८ तास वाळवून कोरडे वजन घ्यावे. त्याहून जास्त तापवले तर स्निग्ध पदार्थ उडतात. ओव्हनमधून काढलेला नमुना सोलापूरच्या उन्हाळ्यात उघडा चालून जाईल असे वाटते. जुलैत तो पाच मिनिटांत ओल धरतो. डेसिकेटर (ओल शोषणारे बंद भांडे) दोन्ही वेळा वापरावा.

हाच नमुना पुढे चालवू. २०० मीटरची ओढ, प्रवाहमापीवरून ४८ घनमीटर पाणी. ३.६ भागिले ४८ म्हणजे घनमीटरला ०.०७५ मिलिलिटर, किंवा हजार घनमीटरला ७५. अरबी समुद्रासाठी आपल्याकडे वापरले जाणारे गुणक असे: १ मिलिलिटर घनफळ म्हणजे ०.०७५ ग्रॅम कोरडे वजन, आणि कोरड्या वजनाचा ३४.२ टक्के भाग कार्बन. त्याने घनमीटरला ५.६ मिलिग्रॅम कोरडे वजन आणि सुमारे १.९ मिलिग्रॅम कार्बन निघतो. हे गुणक कोपेपॉडप्रधान नमुन्याचे आहेत. सॅल्प किंवा जेलीफिश जास्त असले तर ते लावू नयेत. त्या जीवांत पाणीच पाणी, घनफळ भरमसाट आणि कार्बन नाममात्र. मान्सूननंतर ‘जीवभार (जीवांचे एकूण वजन) तिप्पट’ असे वाचले की आम्ही आधी सॅल्प होते का ते शोधतो. फॉर्मॅलिनमध्ये जीव आकसतात, म्हणून ताज्याचे आणि मुरलेल्याचे माप एका रकान्यात टाकू नये.

मोजणी: अख्खा नमुना कोणी मोजत नाही. फोल्सम विभाजकाने अर्धा, पुन्हा अर्धा असे करत जायचे. पाच वेळा केले की बत्तिसावा भाग. त्यात ४१२ कोपेपॉड निघाले तर ४१२ गुणिले ३२ भागिले ४८, म्हणजे घनमीटरला २७५ आणि चौरस मीटरखाली सुमारे ५५,०००. विभाजक सपाट टेबलावर हवा. जहाज डोलत असताना केलेले भाग सारखे होत नाहीत. मोठे दुर्मीळ जीव, जसे क्रिल आणि माशांची पिल्ले, विभाजनाआधीच अख्ख्या नमुन्यातून वेचून मोजावेत. एखाद्या गटाचे १०० जीव मोजले तर नुसत्या योगायोगाची चूक २० टक्क्यांच्या आसपास, ४०० मोजले तर १० टक्के, २५ च मोजले तर ४०. त्यापुढे दशांश चिन्ह देऊन आकडा लिहिणे हास्यास्पद दिसते. शिवाय प्लवक पुंजक्यांनी असतात. एकाच जागी लागोपाठ दोन ओढी घेतल्या तर एक दुसरीच्या निम्मी किंवा दुप्पट येणे नेहमीचे आहे. एकेक ओढ घेऊन दोन मोसमांत ३० टक्के फरक दाखवणारी बातमी त्यामुळे काहीच सांगत नसते.

इतकी काळजी घेतल्यावर काय दिसते? नव्वदच्या दशकात अरबी समुद्रात निरनिराळ्या मोसमांत पद्धतशीर मोहिमा झाल्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी तेव्हा दाखवले की वनस्पतिप्लवकांचे उत्पादन मोसमागणिक बरेच बदलते, पण खुल्या समुद्राच्या वरच्या मिश्रथरात (वाऱ्याने ढवळलेल्या थरात) प्राणिप्लवकांचा जीवभार त्या मानाने फारसा हलत नाही. ‘अरबी समुद्राचा विरोधाभास’ म्हणून हे ओळखले जाते. त्याचे एक स्पष्टीकरण असे, की दुबळ्या महिन्यांत जिवाणू आणि त्यांना खाणारे अतिसूक्ष्म जीव प्राणिप्लवकांना पोसतात. हिवाळ्यात उत्तरेकडचे पृष्ठजल थंड होऊन खाली ढवळले जाते आणि तेव्हाही खत वर येते. सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे नैर्ऋत्य वाऱ्यांनी थंड पाणी उसळते, आणि एरवी खोल पाण्यात सुप्त पडून असलेले कॅलॅनॉइडिस कोपेपॉड त्याच वेळी वर येऊन वाढतात. बंगालच्या उपसागरात नद्यांच्या गोड्या पाण्याचे झाकण बसते, ढवळणे कमी होते. कोकणच्या खाड्यांत तर पावसाळ्यात क्षारता इतकी उतरते की समुद्री जाती निघूनच जातात आणि पाऊस ओसरल्यावर परततात. तिथे भरती-ओहोटीची वेळ लिहिली नसेल तर मान्सूनचा परिणाम आणि ओहोटीचा परिणाम वेगळा करताच येत नाही. तेव्हा ‘मान्सूनचा प्लवकांवर परिणाम’ असे एकच उत्तर नाही. कुठल्या पाण्याबद्दल बोलतो ते सांगावे लागते.

उजनी-हिप्परग्याकडे येऊ. काठावर उभे राहून ५० लिटर पाणी बादलीने ६४ मायक्रॉनच्या जाळ्यातून ओतायचे, ३० मिलिलिटरवर आणायचे, त्यातला १ मिलिलिटर सेजविक-राफ्टर या मोजणीच्या काचपट्टीवर मोजायचा, ही सर्रास पद्धत. ८४ रोटिफर (अतिसूक्ष्म प्राणिप्लवक) दिसले तर लिटरला ५०. रोटिफरसाठी ठीक आहे. कोपेपॉड मात्र बादलीची चाहूल लागताच उडी मारून दूर होतात आणि काठाचे पाणी तलावाचे प्रतिनिधित्व करत नाही. होडीतून उभी ओढ घ्यावी. नाहीतर झाकणाचा नमुनापात्र-सापळा वापरावा. निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग असेल तर ५० लिटरचा हट्ट सोडून १० लिटरवर थांबावे आणि तेच लिहावे. काही प्रकल्पांत असा लिटरचा आकडा हजाराने गुणून समुद्राच्या घनमीटरशी ताडलेला असतो. ५०,४०० आणि २७५. म्हणजे उजनी समुद्रापेक्षा १८३ पट समृद्ध! एकीकडे ६४ मायक्रॉनमध्ये अडकलेले रोटिफर, दुसरीकडे २०० मायक्रॉनमध्ये अडकलेले कोपेपॉड. या तुलनेला गुण देणाऱ्या परीक्षकांनीही विचार करावा.

आमची मागणी छोटी आहे. अशा बातमीखाली एक ओळ द्यावी, उदाहरणार्थ: ‘आस २०० मायक्रॉन, ०-२०० मीटर उभी ओढ, भारतीय वेळ रात्री ९, गाळलेले पाणी ४८ घनमीटर, प्रवाहमापीवरून, विस्थापन घनफळ, जेलीफिश वगळून’. एवढी ओळ बातमीदाराने मागितली तर संशोधक आनंदाने देतील. जो देऊ शकत नाही त्याचा आकडा थांबवून ठेवलेला बरा.

आणि महाविद्यालयांना एक विनंती: प्रकल्प संपला म्हणून बाटल्या मोरीत ओतू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात फॉर्मॅलिन झाकणातून उडते. बाटल्या थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवून मार्चमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये पातळी पाहून फॉर्माल्डिहाइडचे ४ टक्क्यांचे द्रावण भरावे.

कळावे,
प्राणिशास्त्राचे काही अध्यापक,
सोलापूर